फुंकणीच्या आधीची काच: भूमध्यसागरी अत्तरकुप्या कशा घडवत?

प्रश्न असा आलाय: युरोपातल्या एका संग्रहालयात बोटभर उंचीच्या, गडद निळ्या काचेच्या, पिवळ्या आणि आकाशी नागमोडी पट्ट्यांच्या अत्तरकुप्या पाहिल्या. शेजारच्या पाटीवर ‘पूर्व भूमध्यसागर, इ.स.पू. ५वे शतक, वाळूच्या गाभ्यावर घडवलेली’ एवढंच लिहिलं होतं. काच नळीने फुंकून फुगवायची युक्ती तर त्यानंतर चारेकशे वर्षांनी सापडली. मग कुपी आतून पोकळ कशी झाली? पट्टे रंगवलेत का? आणि वाळू काचेला चिकटून बसली नाही का?

आधी सरळ उत्तर देते. सळईच्या टोकाला कुपीच्या पोकळीच्या आकाराचा मातीचा गोळा चढवायचा, वाळवून भाजायचा, त्यावर बाहेरून गरम काच चढवायची, काचेवर काचेचेच रंगीत धागे गुंडाळायचे, मऊ असतानाच ते टोच्याने ओढून नक्षी पाडायची, तोंड, कान, बूड जोडायचं, हळूहळू निववायचं आणि शेवटी आतली माती खरवडून काढायची. पट्टे रंगवलेले नाहीत, ते काचेत मुरलेले आहेत. आणि पाटीवरचा ‘वाळू’ हा शब्द बरोबर नाही. गंमत म्हणजे सगळी गोष्ट त्या एका शब्दापाशीच आहे, म्हणून तिथे जरा जास्त थांबणार आहे.

मी टॉर्चवर, म्हणजे गॅसच्या ज्योतीवर, काचेचे मणी करते, २१ वर्षं झाली. त्यातली शेवटची आठ वर्षं ह्या कुप्यांच्या नादात गेली. आजवर चाळीसेक केल्या असतील, त्यातल्या धड अशा अकरा. बाकीच्यांचे तुकडे एका बरणीत ठेवलेत आणि शिकवताना त्या अकरा कुप्यांपेक्षा ती बरणीच जास्त उपयोगी पडते.

पहिल्या कुपीच्या वेळी मीही पुस्तकी ‘वाळूचा गाभा’ प्रमाण मानला होता. बारीक चाळलेली वाळू, धरून ठेवण्यापुरती चिकणमाती, सळईवर शेंगेसारखा आकार. काच छान चढली. धागे बसले, तोंडही गोल आलं. कुपी निववायच्या भट्टीत ठेवली, तापमान रात्रभर उतरत ठेवलं आणि झोपले. सकाळी दार उघडलं तर कुपीचे उभे तीन तुकडे, आणि गाभा मात्र जसाच्या तसा, दगडासारखा. दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या वेळी जागी राहिले. तापमान खाली आल्यावर पहाटे कधीतरी ‘टिक’ असा आवाज आला. तेवढाच.

कारण हिशेबाने बघितलं की कळतं. मी वापरते ती मऊ सोडा-काच ५०० अंशांवरून खोलीच्या तापमानापर्यंत येताना दहा सेंटिमीटर लांबीमागे साधारण अर्धा मिलिमीटर आकसते. भाजलेली माती त्याच्या निम्मीच आकसते. म्हणजे बाहेरचं कवच आवळतंय आणि आतला गोळा उरलेला पाव मिलिमीटर हलायला तयार नाही. पाव मिलिमीटर हे ऐकायला काहीच नाही, पण काच ताण सहन करत नाही. दाब कितीही द्या, ताण दिला की गेली. तेव्हा गाभा असा हवा की काम चालू असताना सळईवर घट्ट बसेल, लाल होईपर्यंत तापला तरी आकार सोडणार नाही, आणि काच आवळू लागली की मुकाट आतल्या आत चुरगळेल. मजबूत गाभा करणं सोपं आहे. ऐन वेळी हार मानणारा गाभा करणं हे खरं काम.

त्याच सुमारास आमच्या भागातल्या एका कुंभारमामांना मी माझा गाभ्याचा गोळा दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला, फोडला, आणि म्हणाले, “ताई, ही नुसतीच माती हाय. लीद कुठंय हिच्यात?” घोड्याची लीद मातीत मिसळायची पद्धत आपल्याकडच्या कुंभारांना नवी नाही. शेण का नको विचारलं, तर म्हणाले शेणाचा लगदा होतो, लिदीत काड्या राहतात. बरोबरच आहे. घोडा रवंथ करत नाही, त्यामुळे लिदीत गवताचे तुकडे शाबूत असतात. भाजताना ते जळून जातात आणि मातीत बारीक बारीक भुयारं उरतात. गाभा दिसायला भरीव, पण आतून शेवेच्या लाडवासारखा.

आता ह्याला पुरावा काय? इजिप्तमधल्या जुन्या कुप्यांच्या पोटात उरलेला गाभा ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत मेव्हिस बिम्सन आणि वर्नर ह्या दोघांनी १९६०च्या दशकात तपासला. वाळूचा गोळा म्हणावा असं त्यात काही निघालं नाही. लोहयुक्त माती, तिच्यात वनस्पतींचा चोथा, आणि काही नमुन्यांत सगळ्यात बाहेर चुनखडीच्या पिठाचा पातळ थर. तो चुनखडीचा थर वाचला तेव्हा मी अक्षरशः हसले, कारण तोवर मी स्वतःच्या गाभ्याला खडूची पातळ पेज फासायला लागले होते. मण्यांच्या सळईला आम्ही असाच लेप देतो, नाहीतर मणी सळईवरून निघत नाही. ३,४०० वर्षांपूर्वीच्या माणसाला तीच अडचण आली आणि त्याने तोच उपाय काढला.

माझं आजचं प्रमाण विचाराल तर चिकणमाती एक वाटी, वाळवून चाळलेली लीद एक वाटी, बारीक वाळू पाव वाटी. सावलीत चार दिवस वाळवायचं, घाई केली की भेगा. मग लाल होईपर्यंत सावकाश भाजायचं, धूर पूर्ण थांबेपर्यंत. हे भाजणं टाळलं तर काच चढवताना आतला चोथा पेटतो, वायू सुटतो आणि काचेखाली फोड येतात. भाजून झालेला गाभा नखाने ओरखडला तर भुरभुरला पाहिजे, पण सळई झटकली तर पडता कामा नये. मग वर खडूची पेज.

काच चढवायची कशी, ह्यावर जाणकारांची जुनी भांडणं आहेत. एक पक्ष म्हणतो गाभा वितळलेल्या काचेच्या मुशीत बुडवून फिरवत. दुसरा म्हणतो, गरम काचेची तार ओढून गाभ्याभोवती गुंडाळत. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी १८९१-९२ मध्ये इजिप्तमधल्या अमार्नाला उत्खनन केलं, तिथले काचेचे तुकडे आणि कांड्या बघून त्यांचं मत धागा गुंडाळण्याकडे झुकलं होतं. तिसरा पक्ष म्हणतो, काच कुटून तिची भुकटी गाभ्यावर थापत आणि भट्टीत धरून वितळवत, पुन्हा थापत, पुन्हा वितळवत.

तिन्ही करून बघितलंय. बुडवायचा प्रयोग एका ओळखीच्या भट्टीवर केला. त्यासाठी भरपूर पातळ काच मुशीत तयार लागते. हजार अंशांच्या आसपासची काच म्हणजे थंडीतली काकवी, गाभा आत गेला की एका बाजूला गोळा चिकटतो आणि दुसरी बाजू कोरडी राहते. माझा गाभा तर आतच सुटला. जमणारच नाही असं म्हणणार नाही, माझ्यापेक्षा तयार हात असतील. पण छोट्या भट्टीवर, थोड्याशा महागड्या काचेत रोजचं काम करायचं असेल तर मी तरी हा मार्ग धरणार नाही. भुकटीने काम होतं, पण बारीक बुडबुडे अडकतात आणि काच दुधी दिसते. धागा गुंडाळलेली काच सगळ्यात स्वच्छ उतरते, आणि मण्याचं काम करणाऱ्या हाताला ती लगेच कळते. फिरोजाबादला बांगडीसाठी तापलेल्या गोळ्यातून काचेची तार ओढून फिरत्या रुळावर वेटोळं घेतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावायला नको. भूमध्यसागरी निळ्या कुप्यांपुरतं माझं मत धाग्याच्या बाजूने आहे. इजिप्तमध्ये त्याआधी हजार वर्षं हेच करत होते असा दावा मी करत नाही. एवढ्या लांबच्या काळात सगळ्यांनी एकाच रीतीने काम केलं असेल हे मानायचं तरी का?

आता प्रत्यक्ष काम. डाव्या हातात गाभ्याची सळई, ती थांबवायची नाही, सतत फिरती. उजव्या हातात निळी काच. काच आधी बुडाशी लावायची, कारण तिथून सुरुवात केली की गाभ्याचं टोक नीट झाकलं जातं. मग एकाला एक चिकटून वेढे घेत मानेकडे यायचं. वेढ्यांमध्ये फट राहिली तर तिथून पुढे तडा जातो. संपूर्ण गाभा झाकला की तो तापवून सपाट दगडी पाट्यावर लाटायचा, पोळीसारखा नाही, लाटण्यासारखा: पाटा स्थिर आणि कुपीच गडगडते. वेढे एकमेकांत विरघळतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो. ह्या सगळ्या वेळात आधी झाकलेला भाग थंड पडू द्यायचा नाही. टॉर्चची ज्योत एका ठिकाणी लागते म्हणून मला सारखी मागेपुढे पळापळ करावी लागते. कोळशाची छोटी भट्टी बांधून त्यात कुपी धरली तेव्हा लक्षात आलं की जुन्या लोकांचं काम ह्या बाबतीत सोपं होतं, भट्टी सगळ्या अंगाला एकदम आच देते. त्यांना त्रास होता तो डोळ्यांना आणि बोटांना.

मग नक्षी. पिवळ्या काचेचा सुतळीएवढा धागा कुपीच्या खांद्यावर टेकवायचा आणि सळई फिरवत गोल गोल खाली न्यायचा, स्क्रूच्या आट्यांसारखा. त्यावर आकाशी. ह्या क्षणी कुपीवर फक्त आडव्या रेघा आहेत. आता पोटाचा भाग तापवायचा, आणि दाभणासारख्या टोच्याने काचेला किंचित खाली दाबत वरून खाली ओढायचं. रेघा टोच्याबरोबर खाली झुकतात. थोडं अंतर सोडून खालून वर ओढायचं. पुन्हा वरून खाली. झाली नागमोडी. सगळे ओढ एकाच दिशेने घेतले तर तोरणासारखी झुळझुळ येते. बेकरीवाला केकवर पातळ आयसिंगच्या रेघा ओढून त्यात काडी फिरवतो, अगदी तेच, फरक एवढाच की इथे टोचा लावल्यापासून काच घट्ट व्हायला चार-पाच सेकंद मिळतात. तेवढ्यात एक ओढ. मग पुन्हा ज्योतीत. एका कुपीला असे सोळा-अठरा ओढ.

संग्रहालयात पुन्हा गेलात तर हे बघा: नक्षीच्या वर खांद्यावर आणि खाली बुडाकडे रेघा सरळच असतात, फक्त मधला पट्टा ओढलेला असतो. उजेड बाजूने पडत असेल तर त्या मधल्या भागात उभ्या पन्हाळी दिसतात, काकडीच्या अंगावर असतात तशा. ती टोच्याची वाट. पुष्कळदा खालून वर येणाऱ्या ओढी हलक्या असतात आणि वरून खाली येणाऱ्या खोल. कुठे हात थकला तेही कळतं. आणखी एक, धागा जिथे पहिल्यांदा टेकवला तिथे बारीकसा फुगीर ठिपका राहतो. तो सापडला की सळई कुठल्या दिशेला फिरत होती ते तुम्ही स्वतः सांगू शकता.

तोंडाची चकती मला सगळ्यात जास्त रडवते. मानेवर निळ्या काचेचं एक जाड वेटोळं घालायचं, चिमट्याने दाबून चपटं करायचं, आणि कडेला पिवळ्या धाग्याचा एकच वेढा. हे करताना मान जास्त तापली तर कुपी सळईवर डोकं टाकते. कान म्हणजे काचेचा थेंब लावून, ओढून, वाकवून पुन्हा टेकवणं, दोन्ही बाजूंना सारखं. जुन्या कुप्यांचे कान सारखे नसतात हे पाहून मला फार बरं वाटतं.

निववण्याबद्दल एवढंच की ५०० अंशांच्या आसपास काही वेळ स्थिर ठेवून मग सावकाश उतरवायचं. मी विजेची भट्टी वापरते. गरम राखेत पुरून पाहिलं, तेही चालतं, निम्म्या वेळा. लोखंड काचेपेक्षा जास्त आकसतं, त्यामुळे थंड झाल्यावर सळई आपोआप सैल होते आणि फिरवून ओढली की निघते. मग पाण्यात भिजवून तारेने गाभा खरवडायचा. सरळ नळीसारखी कुपी असेल तर दहा मिनिटांचं काम. पोट मोठं आणि मान सळईएवढी असेल तर दोन-दोन दिवस जातात, आणि खांद्याच्या आतल्या वळचणीतली माती तरीही निघत नाही. खऱ्या कुप्यांचा आतला भाग म्हणूनच खरबरीत, खाचखळग्यांचा आणि बहुतेक वेळा लालसर किंवा पांढुरका असतो. फुंकलेल्या बाटलीचं पोट आतून गुळगुळीत. फुटका तुकडा समोर असेल तर हा फरक डोळे मिटून, बोटानेसुद्धा कळतो.

काच कुठून आली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण त्याशिवाय चित्र अर्धवट राहतं. कुपी घडवणारा आणि काच बनवणारा हे बहुधा वेगळे लोक होते, सोनार आणि खाणवाला वेगळे असतात तसे. काच लगडी करून विकली जाई. तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे इ.स.पू. १४व्या शतकाच्या अखेरीस बुडालेलं एक जहाज १९८२ मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला सापडलं. १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं जॉर्ज बास आणि जेमाल पुलाक या पुरातत्त्वज्ञांच्या देखरेखीखाली त्याचं उत्खनन चाललं. त्यात तांब्याच्या लगडींबरोबर काचेच्या सुमारे १७५ लगडी निघाल्या, गडद निळ्या, फिरोजी, जांभळ्या, आकाराने जाड भाकरीएवढ्या. अमार्नाच्या मातीच्या पाट्यांवरच्या पत्रव्यवहारात तर भूमध्यसागराच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अश्कलोन शहराचा मांडलिक यिद्या इजिप्तच्या राजाला कळवतो की आपण मागितलेली काच पाठवत आहे. राजाने काच मागून घ्यावी आणि मांडलिकाने ती पोचवल्याची वर्दी द्यावी, इतकी ती किमती वस्तू होती.

इजिप्तमध्ये तिसरा थुटमोस ह्या राजाच्या काळापासून, म्हणजे इ.स.पू. १५व्या शतकापासून, गाभ्यावरची काचपात्रं मिळतात. त्याच्या नावाची मुद्रा असलेला एक छोटा चंबू ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. १२००च्या सुमारास पूर्व भूमध्यसागरातली राज्यं कोसळली तेव्हा हे काम जवळजवळ बंद पडलं. पुढे मेसोपोटेमियात ते पुन्हा सुरू झालं, आणि इ.स.पू. ६व्या शतकाच्या मध्यापासून भूमध्यसागरात अशा कुप्यांचा पूर येतो. ह्यांतल्या पुष्कळ ऱ्होड्स बेटावर घडल्या असं मानतात, कामिरोससारख्या तिथल्या दफनभूमींत त्या मोठ्या संख्येने मिळाल्या. तिथून त्या इटली, सायप्रस, काळ्या समुद्राच्या काठापर्यंत पोचल्या. अभ्यासक त्यांचे तीन गट पाडतात. तुम्ही पाहिलेली पहिल्या गटातली, इ.स.पू. ६व्या शतकाच्या मध्यापासून ४थ्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतची. तिसरा गट इ.स.पू. २ऱ्या शतकाच्या मध्यापासून इ.स.च्या सुरुवातीपर्यंतचा, कामात जरा ढिला. मला तो आवडत नाही, पण त्याला कारण आहे, ते खाली येईल.

ऱ्होड्सच्या काळापर्यंत काचेचा कच्चा मालही बदलला होता. जुन्या काळी झाडांची राख वापरत, आता इजिप्तमधल्या वादी नत्रूनच्या खाऱ्या तळ्यांतला सोडा आणि शंखशिंपल्यांचा चुना असलेली किनाऱ्याची वाळू. हा सोडा म्हणजे आपल्या पापडखाराचा सख्खा भाऊ. बुलढाण्याच्या लोणार सरोवराचं पाणीही त्याच जातीचं, आणि ‘ऐन-ए-अकबरी’त लोणारच्या नोंदीत तिथे काच आणि साबण करायचं साहित्य मिळतं असं म्हटलंय. लोणारला गेलं की मला लवणासुर आठवत नाही, वादी नत्रून आठवतं, ह्याला काय करणार!

रंगांचं थोडक्यात: गडद निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा, जांभळा मँगनीजचा. पिवळा शिसे आणि अँटिमनीचा, पांढरा चुना आणि अँटिमनीचा. शेवटचे दोन अपारदर्शक, म्हणून निळ्यावर ते ठसठशीत उठतात. पिवळ्यात शिसं आहे हे घरी प्रयोग करणाऱ्यांनी विसरू नये. खिडक्या उघड्या, पंखा बाहेर फेकणारा, आणि त्या टेबलावर चहाचा कप नाही. काही कुप्यांवर मोरपिसासारखी चंदेरी झाक असते, ती मात्र कारागिराची नव्हे. शतकानुशतकं ओल्या मातीत राहून काचेतला क्षार धुपतो आणि पापुद्रे सुटतात, त्यावरचा तो उजेडाचा खेळ.

ह्या कुप्यांत अत्तर होतं, पण आजच्या स्प्रेसारखं नाही. मद्यार्क गाळायची विद्या तेव्हा नव्हती, सगळा सुगंध तेलात मुरवलेला. कच्च्या ऑलिव्हचं तेल, तिळाचं तेल, त्यात गुलाब, लिली, आयरिसची मुळं, गंधरस, दालचिनी. आपलं चंदनाच्या तेलावर ओढलेलं अत्तर आणि कानातला फाया ज्यांना माहीत आहे त्यांना हे लगेच उमजेल: दाट, थोडंसंच लागणारं, थेंब वाया गेला तर जीव हळहळणारं. तोंडाची ती रुंद चपटी चकती आणि बारीक भोक ह्यासाठीच. कुपी कलती केली की थेंब चकतीवर पसरतो, बोटाने उचलायचा किंवा चकतीच मनगटावर टेकवायची. तेल खाली ओघळत नाही.

आकारांना ग्रीक नावं आहेत. लांबट, गोल बुडाची, उभी न राहणारी ती अलाबास्ट्रॉन, मूळची अलाबास्टर दगडाची, काचेत तिची नक्कल झाली. थिओफ्रास्टस हा ॲरिस्टॉटलचा शिष्य सुगंधांवर लिहिताना सांगतो की सुवासिक तेलं शिशाच्या किंवा अलाबास्टरच्या भांड्यात ठेवावीत, ती थंड आणि घट्ट असतात म्हणून. गोल लाडवासारखी ती अरिबालोस, ग्रीक मल्ल अंगाला लावायचं तेल अशाच घाटाच्या कुपीत मनगटाला अडकवून आखाड्यात नेत, रोजच्या वापरातली अर्थात मातीची. टोकदार बुडाची, दोन कानांची ती अम्फोरिस्कोस, मद्याच्या रांजणाची बाहुलीच. आणि एका कानाची, तीन पाकळ्यांच्या तोंडाची ओइनोखोए. ती मी आजवर फक्त दोनदा धड केली आहे.

आता तो तिसरा गट ढिला का? इ.स.पू. ५०च्या सुमारास सिरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात कोणीतरी काचेची नळी तोंडाला लावली. जेरुसलेमच्या ज्यू वस्तीत पुरातत्त्वज्ञ नाहमान अविगाद यांच्या उत्खननात एका काचकारखान्याचा टाकलेला कचरा मिळाला. त्यात काचेच्याच नळ्या, टोकाला फुगवलेल्या, आणि अगदी छोट्या फुंकलेल्या कुप्या होत्या. लोखंडी फुंकणी नंतरची. मला एका गाभ्याच्या कुपीला, गाभा वाळवण्याचे दिवस सोडून, भट्टीसमोर दोन तास लागतात. फुंकणारा माझा मित्र तेवढीच बाटली चहा निवायच्या आत करतो. ह्या स्पर्धेत कोण टिकणार? पुढच्या दोन पिढ्यांत ग्रीक भूगोलकार स्ट्रेबो लिहितो की रोममध्ये एका तांब्याच्या नाण्याला काचेचा प्याला मिळतो. गाभ्याच्या कुप्या इ.स.च्या सुरुवातीला संपल्या. शेवटच्या पिढीतल्या कारागिरांनी घाईत ओढलेल्या रेघा त्या तिसऱ्या गटावर दिसतात, शेजारच्या गल्लीत फुंकणी सुरू झाली असेल तर हात घाई करणारच.

फुंकणीच्या काळातली काच आणि अत्तर आपल्या दारापर्यंतही आलं होतं. इ.स. १ल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ ह्या ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या टिपणात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे, आणि सुगंधी लेपही, पण ‘फार महाग नको, फार जास्तही नको’ अशा सूचनेसह. त्याच टिपणात पैठण आणि तेरहून भडोचला गाड्यांनी माल येतो असंही आहे. पैठणच्या बाजारात परदेशी अत्तराला उठाव नव्हता की घरचं जास्त चांगलं होतं, हे ज्याचं त्याने ठरवावं. माझं मत तुम्हाला ठाऊक आहे.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर कुपीने सुरुवात करू नका. आधी अंगठ्याएवढा पोकळ मणी करा, त्याच गाभ्यावर, नक्षीशिवाय. तो पाच वेळा न तडकता निघाला की मग मान काढा, कान सगळ्यात शेवटी. आणि गाभा आजच्यासाठी आज करू नका, पुढच्या महिन्यासाठी करून ठेवा.

एक गोष्ट राहिली. माझ्या त्या अकरांपैकी एका कुपीत मी वाळा मुरवलेलं तिळाचं तेल भरून, मेणाने तोंड बंद करून ठेवलं होतं. खांद्याच्या आत थोडा गाभा उरलेलाच होता. दोन महिन्यांनी उघडली तर तेल गढूळ, लालसर, आणि वाळ्याच्या वासामागे पहिल्या पावसासारखा मातीचा वास. ऱ्होड्सच्या बाईच्या मनगटालाही तो येत असणार.